एका वारुळात दोन राण्या

८ जानेवारी

मुंगीबाई,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी गाऱ्हाणं ऐक.

तुझी आई येऊन आज तीन दिवस झाले. पहिल्या दिवशी ताईने माझं घर पाहिलं, दुसऱ्या दिवशी खालचं शिवणघर पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कात्र्यांना नंबर लावले. चौतीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या बाईला हात बांधून बसवत नाही, हे मला मान्य आहे. पण आता माझ्याच शिवणघरात मला कात्री हवी असली तर वहीत सही करावी लागते. दुपारी मी सही न करता सहा नंबरची उचलली, तर मला विचारते, "परत कधी करणार?" माझी कात्री, गं!

फोनवरच सांगितलं असतं, पण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि ताईचे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. शिवाय तुझी प्रयोगशाळा तळघरात, तिथे फोन लागत नाही. म्हणून कागद खराब करते आहे.

आपलं ठरलेलं मी विसरलेले नाही. त्या बेटावरच्या संशोधन केंद्राला तू मार्चअखेर होय की नाही ते कळवायचं. तोवर आम्ही दोघी एका छपराखाली नीट राहून दाखवलं, तर तू तीन वर्षं निर्धास्त जाणार. नाही जमलं, तर नोकरी सोडून आईपाशी राहणार. ताईला यातलं अवाक्षर सांगायचं नाही. तिला वाटतंय, ती हवापालटाला आलीय. पण लग्न होऊन ती घराबाहेर पडल्यापासून आम्ही दोघी सलग चार दिवसांवर एकत्र राहिलेल्या नाही, आणि उद्या चौथा दिवस आहे. सात वर्षं मुंग्या मोजून मिळालेली नोकरी तू माझ्या जिभेपायी घालवलीस, तर मी स्वतःला माफ करणार नाही.

तेव्हा तुझ्या विद्येचा आता घराला काही उपयोग होऊ दे. काही मुंग्यांच्या वारुळात पुष्कळ राण्या असतात, असं तू एकदा सांगत होतीस. मी बटणं निवडत होते, पुढचं ऐकलं नाही. त्या एकत्र राहतात कशा? सविस्तर लिही. माझ्याकडे पाचजणी कामाला आहेत. कोणाचं ऐकायचं ते त्यांनाही कळेनासं झालंय.

आशीर्वाद.

तुझी, सही करून कात्री घेणारी
मावशी

१४ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या खोलीतले कोळ्यांवर काम करणारे सर बघायला आले. त्यांना वाटलं, माझी मुंग्यांची एखादी पेटी फुटली.

आता मुंग्या. पहिली गोष्ट म्हणजे राणी हे नाव माणसांनी दिलेलं आहे. ती हुकूमबिकूम सोडत नाही. ती अंडी घालते, बस्स. वारूळ चालवतात त्या कामकरी मुंग्या. कोणाला खाऊ घालायचं, कोणाला हलवायचं, कोणाला ठेवायचं, सगळं त्याच बघतात.

काही जातींत दोन-तीन राण्या मिळून एक बीळ उकरतात. एकटीने अंडी राखायची म्हणजे जिवावरचं काम, म्हणून एकत्र. तोवर त्यांचं गूळपीठ असतं. पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर आल्या की चित्र पालटतं. राण्या एकमेकींवर धावून जातात, कामकरणीही एकेकीचे पाय धरून ओढतात आणि शेवटी एकच उरते.

आम्ही प्रयोगासाठी कधी कधी चालू वारुळात परकी राणी घालतो. सगळा खेळ वासाचा. वारुळाचा एक वास असतो, तो जिच्या अंगाला नाही ती शत्रू. म्हणून आधी काही दिवस मध्ये बारीक जाळी लावायची. एकीचा वास दुसरीकडे जातो आणि हळूहळू दोघींचा एक होतो. एकत्र सोडायच्या आधी त्यांना थोडा वेळ गारठ्यात ठेवतात. गारठ्याने त्या सुस्त होतात, अंगावर धावून जात नाहीत.

इतकं करूनही दर वेळी जमतंच असं नाही. फार आशा धरू नकोस. आईच्या गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी देतेस ना?

तुझी
मुंगीबाई

२७ जानेवारी

मुंगीबाई,

जाळी लावली.

माझ्या आणि ताईच्या खोलीत एक दार आहे. ते काढून ठेवलं आणि पडद्यांचं उरलेलं नेट चौकटीला ठोकलं. ताईने विचारलं, हे कशाला? म्हटलं, डास. ती म्हणाली, "म्हणजे डास तुझ्या खोलीतून माझ्या खोलीत येतात, असं तुझं म्हणणं आहे?" मी म्हटलं, हो. अशा थंडीत डास नसतात हे आम्हा दोघींनाही माहीत आहे, पण एकदा हो म्हटलं की मी मागे हटत नाही.

मग वासाचं. रोज सकाळी ती अंघोळीला गेली की मी आमच्या उशांचे अभ्रे बदलते. तिचा मला, माझा तिला. चौथ्या दिवशी चहा घेता घेता म्हणाली, "धाकटे, माझ्या उशीला तुझ्या सांधेदुखीच्या मलमाचा वास येतो." मी म्हटलं, वय झालं, सगळ्यांनाच येतो.

गारठ्याचं मात्र फसलं. तिच्या खोलीतला पंखा मी पाचवर ठेवला आणि बटण बिघडलंय म्हणून सांगितलं. ती दोन शाली अन् लोकरीची टोपी घालून बसली. सुस्त व्हायचं सोडून खणखणीत शिंकायला लागली. अकरा शिंका. मी मोजल्या नाहीत, तिने मोजून सांगितल्या. मग स्टुलावर चढून बटण स्वतः उघडलं, त्यात काही बिघाड नाही असं मला दाखवलं आणि परत बसवलं. तेव्हा तुझ्या वहीत लिहून ठेव, गारठ्याने मुंगी सुस्त होते आणि ताई चिडते.

एक मात्र सांगते. जेवणानंतर आम्ही आपापल्या पलंगावर पडलो की जाळीतून बोलणं होतं. दार असताना दोघी ते लावूनच घ्यायचो. काल ती मला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती, छोट्या जाहिरातींसकट. मला छान डोळा लागला. उठले तर ती रागावलेली, की महत्त्वाच्या बातमीला मी घोरले.

पण ते पाय धरून ओढण्याचं माझ्या डोक्यातून जात नाही. ते साधारण कधी सुरू होतं? आमची काजवाली आजकाल माझ्याकडे टक लावून बघते. ती काजं करते म्हणून तिला काजवाली म्हणतात, पण बाकीच्या चौघी तिच्या शब्दाबाहेर नाहीत.

घाबरलेली
मावशी

३ फेब्रुवारी

मावशी,

हे तू आईवर केलंस? अगं, मी मुंग्यांचं लिहिलं होतं! आईचं वय अडुसष्ट, आणि तू तिला पंख्याखाली बसवलंस!

हसू आलं हे कबूल. पण तूच बघ, हे जमण्यातलं नाही. तू विचारलंस म्हणून सांगते, पाय धरून ओढणं एकदम सुरू होत नाही. आधी कामकरणी राणीभोवती घुटमळतात, तिच्या मिशांना हात लावतात. तिला खाऊ घालणं कमी करतात. मग एक दिवस सहा पायांना सहाजणी लोंबकळलेल्या दिसतात. कोणती राणी जुनी, कोणती नवी, वारूळ कोणी उकरलं, हे त्या बघत नाहीत. कित्येकदा जुनीच जाते.

मावशी, तुम्ही दोघी माझ्यासाठी जिवाला त्रास करून घेऊ नका. नोकऱ्या काय, येतील आणि जातील. बेटावर वीज दिवसातून सहाच तास असते, आठवड्यातून एकदा बोट येते. मी गेले नाही तर आभाळ कोसळणार नाही. हवं तर आत्ताच मला सांग, मी येऊन आईला घेऊन जाते.

तुझी
मुंगीबाई

२० फेब्रुवारी

मुंगीबाई,

तू लिहिलंस तसंच झालं.

एका दवाखान्याचे एकशे वीस एप्रन शिवायचे होते. मी सकाळी सांगितलं, खिसा उजवीकडे. ताईने ऑर्डरचा कागद शोधून काढला, तो झटकून पुसून फाइलला लावला आणि दुपारी सांगितलं, खिसा डावीकडे. मी कागदाशिवाय बावीस वर्षं शिवणघर चालवलंय, तेव्हा मी पुन्हा सांगितलं, उजवीकडे. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात राहिला नाही. चाळीस एप्रनांचे खिसे दोनदा उसवले गेले.

मग काजवालीने मशीन बंद केलं. तिच्यामागून बाकीची चारही बंद झाली. इतकी शांतता मी त्या खोलीत सुट्टीच्या दिवशीसुद्धा ऐकलेली नाही. ती उठली, आम्हा दोघींच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, सकाळी तुम्ही सांगायचं. दुपारी मोठ्या बाई सांगतील. जिची पाळी नसेल तिने वर जायचं. हे चालणार नसेल तर आम्ही पाचजणी वर जाऊन बसतो, तुम्ही दोघी शिवा."

मला! माझ्या शिवणघरात! आणि दुपारची वेळ होती, म्हणजे वर जायचं होतं मी.

मी गेले. संध्याकाळी ताई वर आली तेव्हा मी भरलेलीच होते. म्हटलं, हे सगळं मी एकटीने उभं केलं, तू इथे पाहुणी आहेस, पाहुणीने पाहुणीसारखं राहावं. तिने एवढंच विचारलं, "माझी निळी बॅग कुठे ठेवलीस?"

आज सकाळपासून तिच्या कपाटाचा आवाज येतोय. जाळीतून दिसतंय, ती बॅग भरते आहे. प्रत्येक कपड्याची घडी घालून. मला चुकलं म्हणायचंय गं, चारदा जाळीपाशी गेले. पण तोंड उघडलं की "ती घडी अशी घालतात का" एवढंच बाहेर पडतं. आता हे पत्र पेटीत टाकायला जाते. येईन तोवर ती गेलेली असेल. तुझं मी नुकसान केलं.

मावशी

२६ फेब्रुवारी

मावशी,

रडू नकोस. तुझं पत्र मिळाल्याबरोबर रस्त्यावर जाऊन घरी फोन केला. तू बाहेर गेली होतीस. आई अजून तिथेच आहे हे ऐकून बरं वाटलं, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "सगळं ठीक आहे, मी कामात आहे," एवढंच म्हणाली आणि ठेवला. माझ्याशी ती कधी असं तुटक बोलत नाही. मन मारून दिवस काढत असणार.

बेटाला नकाराचं पत्र लिहून ठेवलं आहे. आमच्या विभागप्रमुखांची सही लागते, त्या दहा मार्चला परत येतील, मग टाकेन. ते झालं की आईला न्यायला येते. खरं सांगू, पत्र लिहून झालं आणि हलकं वाटलं. तू स्वतःला दोष देऊ नकोस. दोन राण्यांचं जमत नाही, इतकंच.

तुझी
मुंगीबाई

४ मार्च

कन्येस,

ते पत्र टाकू नकोस. कारणं क्रमाने देते.

तुझी सगळी पत्रं मी वाचली. धाकटीने ती 'जुनी मापं' असं लिहिलेल्या खोक्यात लपवली होती. जुनी मापं तारखेनुसार लावायला मी घेणारच, हे तिला बावन्न वर्षांच्या ओळखीत कळायला हवं होतं. हवापालटाला पाठवताना कोणी कोणाच्या सामानात आठ महिन्यांची औषधं भरत नाही. तेव्हा तुमचा कट मला पहिल्याच दिवशी समजला होता. तो जाळीचा आणि पंख्याचा भाग मात्र नव्हता समजला. मला वाटलं, धाकटीच्या डोक्यावर परिणाम झालाय, म्हणून मी तिच्याशी सांभाळून वागत होते.

बॅगेचं खरं आहे. मी बॅग भरली आणि स्टेशनवर गेले. पाहुणी हा शब्द मला लागला. तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोन माणसं उरली असताना मागून काजवालीची हाक आली. ती आणि बाकीच्या चौघी, कामाचे एप्रन घालून, गळ्यात टेपा तशाच. ती म्हणाली, "मोठ्या बाई, दुपारची पाळी तुमची आहे. रजेचा अर्ज कुठाय?"

मी म्हटलं, मी जाते आहे. ती म्हणाली, "जा की. पण अर्ज दोन दिवस आधी द्यायचा, हा नियम तुम्हीच भिंतीला लावलाय. आणि सहा नंबरची कात्री तुमच्या नावावर आहे."

बॅग उघडून पाहिली तर कात्री खरंच आत होती. घड्या घालताना चुकून आली असावी. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एक पुस्तक घरी नेलेलं नाही. रांगेतल्या सगळ्यांसमोर मला घाम फुटला. एकीने बॅग उचलली, दुसरीने माझा हात धरला आणि मला ओढतच बाहेर काढलं. तुझ्या मुंग्यांसारखंच म्हण. फक्त यांनी ओढलं ते घराकडे.

धाकटी दारात उभी होती. तिने चुकलं म्हटलं नाही. "ऑर्डरच्या कागदावर डावीकडेच लिहिलंय," असं म्हणाली. तिच्या तोंडून ते चुकलंच्या वरचं आहे. मी शिवणघरात गेले आणि साडेपाचपर्यंत काम केलं. तू फोन केलास तेव्हाही मी कामात होते. कामात आहे असं सांगणारा माणूस कधी कधी कामात असतो, हे लक्षात ठेव.

आता तुझं. तुझ्या पत्रांत तारखा आहेत, संदर्भ एकही नाही. म्हणून मी तुझा प्रबंध पुन्हा काढला. हो, पुन्हा. तो कोणी वाचला नाही अशी तुझी समजूत आहे. मी तिसऱ्यांदा वाचते आहे, आणि पान ब्याण्णववर एक आकडा चुकलाय. पान एकशे एक्केचाळीसवर तू लिहितेस, की तू ज्या जातीवर सात वर्षं काम केलंस तिच्या एका वारुळात सतरा राण्या होत्या, तुझ्या डोळ्यांदेखत त्या चार वर्षं एकत्र राहिल्या आणि एकही मारली गेली नाही. धाकटीने तुला नेमकं तेच विचारलं होतं. तू तिला दुसऱ्याच जातीचं सांगितलंस, ज्यात एकच उरते. तुझ्या मुंग्या पत्रागणिक जास्त मारकुट्या होत गेल्या. शेवटी शेवटी तर मलाच माझ्या पायांची काळजी वाटू लागली.

तू धाकटीशी खोटं बोलली नाहीस. निवडून सांगितलंस. मी आयुष्यभर लोकांना पुस्तकं निवडून दिली, मला हा प्रकार कळतो. आम्ही भांडावं असं तुला वाटत होतं, म्हणजे तुला जावं लागलं नसतं. तुला भीती वाटते आहे. ती माझ्या गुडघ्यांवर घालू नकोस, ते आधीच दुखतात.

आई

१० मार्च

आई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पान ब्याण्णवही बघितलं. चुकलंय.

हो, मला भीती वाटते. मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मावशीचं पहिलं पत्र आलं तेव्हा समोरच्या पेटीत सतरा राण्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या, आणि मी तिला त्या सोडून सगळं लिहिलं. वाटलं, उगाच खोटी आशा नको. खरं तर मलाच आशा नको होती. बाबा गेल्यापासून दर रविवारी तुझ्याकडे यायचं, तू माझ्या पत्रव्यवहाराचं शुद्धलेखन तपासायचं, मी तुझ्या खिडक्या पुसायच्या. बेटावर रविवारी काय करायचं, हे मला कळत नाही. मी चौतीस वर्षांची आहे आणि मला आईशिवाय राहता येत नाही, हे कोणाला सांगू? म्हणून उलटं सांगत सुटले, की आईला माझ्याशिवाय राहता येत नाही.

मावशीचं मी फार वाईट केलं. तिला सांग, की खूप राण्यांच्या वारुळात प्रत्येक राणी अंडी थोडी कमी घालते, बाकी काही बिघडत नाही. आणि कामकरणी कोणाशीही चटकन भांडत नाहीत.

प्रमुख आज आल्या. नकाराचं पत्र माझ्या हातातच होतं. त्यांनी विचारलं, "सही कशावर हवी आहे?" मी म्हटलं, अजून लिहायचं आहे.

तुझी
मुंगी

१५ मार्च

मुंगीबाई,

मी मावशी. आज कागद एकच आहे, कारण ताईने कागदांवरही नंबर टाकलेत. खाली ती लिहील. तुझ्यावर मी रागावलेली आहे. सतरा राण्या गोडीने नांदत होत्या आणि तू मला पंखा लावायला लावलास! दीड महिना मी काजवालीला बघून पाय पोटाशी घेत होते. भेटलीस की तुझे कान ओढीन.

(पंखा लावायला तिने सांगितलं नव्हतं. ते तुझं स्वतःचं डोकं. – आई)

(माझ्या जागेत लिहू नकोस. – मावशी)

एप्रन गेले, खिसा डावीकडे. सकाळी मी, दुपारी ताई. संध्याकाळी कोणीच नाही, तेव्हा आम्ही भांडतो. परवा काजवाली जिन्यावर येऊन म्हणाली, जरा हळू भांडा, खाली हिशेबाने टाके मोजायचेत. जाळी मी काढायला गेले तर ताईच नको म्हणाली. डास येतील म्हणे.

आता ताई लिहिते. मी तिच्या खांद्यावरून वाचणार आहे.

मुंगे,

प्रबंधातलं शेवटचं प्रकरण तू घाईत लिहिलंस, पण मला तेच आवडतं. अशा वारुळातल्या नव्या राणीला कोणी हाकलत नाही. ती हवं तर घरातच राहते. नाही तर थोड्या कामकरणी बरोबर घेते, चालत बाहेर पडते आणि थोड्या अंतरावर स्वतःचं घर करते. तू लिहिलंयस, की जुन्या राण्या त्या वेळी काय करतात याची नोंद घेता आली नाही.

माझी नोंद घे. मी तीन वर्षं रोज तुझी आठवण काढीन आणि रविवारी दोनदा. तुझ्याशिवाय मला राहता येईल, पण मला ते मुळीच आवडणार नाही. धाकटी आत्ताच रडायला लागली आहे आणि कागद ओला करते आहे. स्टेशनवर आम्ही दोघी, आणि पाळ्या बाजूला ठेवून त्या पाचहीजणी येणार आहोत, सगळ्या मिळून रडणार आहोत, तुला लाज वाटेल इतक्या मोठ्याने.

तू मागे वळून बघू नकोस, गाडी सुटेल.

आई